गादीवरचा लॅपटॉप



गेल्या मे महिन्यातील गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास पुतण्याचा आडत दुकानातून दूरध्वनी आला. "काका, जरा येऊन जा. आज या लॅपटॉपचा निकाल लावायचा आहे." त्याच्या स्वरावरून मी ओळखले, की निकाल लॅपटॉपचा नव्हे, त्याच्या चिरंजीवांचा लागणार आहे. डोक्याला उपरणे गुंडाळून निघालो. उमरग्याचे ऊन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या वेळी रस्त्यावर कोण असते हे सांगायला नको. सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील मालमोटारी आणि नाइलाज असलेली माणसे, एवढेच.

माझा नातू पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. यंत्रांचे त्रिमितीय आराखडे संगणकावर काढावे लागतात, त्याला चित्रप्रक्रियेची वेगळी चिप असलेला दमदार लॅपटॉप लागतो, आणि असा लॅपटॉप बाजारात 'गेमिंग लॅपटॉप' याच नावाने मिळतो. दीड वर्षापूर्वी ९४ हजार रुपये मोजून तो घेतला, तेव्हापासून त्या नावाने पुतण्याच्या मनात घर केले होते. त्यात त्याची फार चूक नाही. ज्या वस्तूच्या नावातच खेळ आहे, तिला अभ्यासाचे साधन म्हणून मंजुरी देताना मीही शाखेत असतो तर दोनदा कागद पाहिले असते.

तक्रार अशी होती. मुलगा सुटीत घरी आल्यापासून लॅपटॉप दहा-पंधरा मिनिटांत तापे, पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडू लागे आणि पडदा एकाएकी काळा पडे. त्या दिवशी तर दुकानाचे जीएसटी विवरणपत्र अर्धे भरून झालेले असताना तो बंद पडला. पुतण्याचे म्हणणे, रात्र-रात्र खेळून पोराने यंत्राचा जीव घेतला. आता ते विकून टाकावे आणि दिवाळीला साधे घ्यावे. मुलगा एवढेच म्हणाला, "पप्पा, पुण्यात असं होत नाही." बापाला ती सबब वाटली. जून महिन्यात त्याला याच लॅपटॉपवर आपला प्रकल्प पूर्ण करून द्यायचा होता, पण ते त्याने सांगितलेही नाही. मान खाली घालून बसला. वीस वर्षांचा मुलगा आपली बाजू मांडणे सोडून देतो, तेव्हा मला यंत्रापेक्षा त्याची काळजी वाटू लागते.

बँकेत एखादे कर्ज अनुत्पादित ठरवायचे तरी हप्ता नव्वद दिवस थकावा लागतो. एका नोंदीवरून कुणाचे खाते बुडीत ठरत नाही. म्हणून मी म्हटले, आधी खाते तपासू.

"खेळतोस का?" मी विचारले. "हो आजोबा. रात्री दोन तास." "पैसे लावून?" "नाही." हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली आहे, आणि आपल्या घरांतून तो विषय मोकळेपणाने विचारला जात नाही. एकदा ते स्पष्ट झाल्यावर उरलेला प्रश्न निव्वळ उष्णतेचा होता, आणि उष्णतेचा हिशेब मांडता येतो.

तो हिशेब असा. लॅपटॉपच्या चार्जरवर त्याची क्षमता लिहिलेली असते; याच्यावर २३० वॅट होती. साधा कार्यालयीन लॅपटॉप ४५ किंवा ६५ वॅटच्या चार्जरवर चालतो. यंत्र जेवढी वीज खाते, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. दुसरीकडे जायला तिला वाटच नाही. म्हणजे खेळ किंवा जड आराखडा सुरू असताना, जुन्या काळचे शंभर वॅटचे दोन पिवळे दिवे एका पातळ डबीत कोंडल्यासारखा प्रकार होतो. ही उष्णता बाहेर नेण्यासाठी आत तांब्याच्या चपट्या नळ्या असतात. नळीत किंचित पाणी असते आणि हवा काढून घेतलेली असते. चिपच्या बाजूला पाण्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते, आणि पाणी नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, परत येते. अवकाशात वापरायच्या उपकरणांसाठी अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही युक्ती विकसित केली. आज ती आपल्या दुकानातल्या लॅपटॉपमध्ये आहे. नळीच्या थंड टोकाला बारीक पात्यांची जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा फेकतो. ही हवा बहुतेक यंत्रांत खालच्या बाजूने आत घेतली जाते.

आता लॅपटॉप कुठे ठेवलेला होता? गादीवर. पांढऱ्याशुभ्र खोळीच्या, कापसाने गच्च भरलेल्या, पुतण्याच्या आजोबांच्या काळापासून मानाच्या असलेल्या गादीवर. आपल्याकडे दुकानातील मौल्यवान वस्तूची जागा तीच. यंत्र आपल्या वजनाने गादीत रुतले होते आणि हवा आत घ्यायची खालची छिद्रे पूर्ण बुजली होती. पुण्याच्या वसतिगृहात ते लाकडी टेबलावर असते.

दुसरी गोष्ट हवेची. पंखा खोलीतील हवेपेक्षा थंड हवा आणू शकत नाही. जी आहे तीच तो फिरवतो. ढोबळ मानाने खोली जितके अंश अधिक तापलेली, तितके अंश आतली चिपही अधिक तापते. पुण्यात जानेवारीच्या रात्री खोलीत २२ अंश असतील, तर आमच्या दुकानात त्या दुपारी ४० होते. अठरा अंशांचा हा फरक कुठून भरून निघणार? या चिपांची सहनशक्ती साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत असते. तिथवर पोचले की यंत्र आधी आपला वेग कमी करते, तरीही भागले नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. "पुण्यात असं होत नाही" हे वाक्य म्हणजे सबब नव्हती. ती अचूक नोंद होती.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या लहानपणी माळवदाच्या घरात, जाड दगडमातीच्या भिंतींआड, मे महिन्यातही दुपारी डोळा लागत असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपाने तीच घरे माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर आमच्या भागात स्लॅब आणि पत्रे आले. ते योग्यच झाले, त्याबद्दल हळहळ नाही. मात्र स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो, आणि मुले रात्री वरच्या मजल्यावरच लॅपटॉप घेऊन बसतात. ज्यांच्याकडे तळमजल्याची आतली खोली आहे, त्यांनी उन्हाळ्यापुरती ती मुलांना द्यावी. कूलर वापरत असाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे ओल साठत नाही. पण त्याचा झोत थेट यंत्रावर सोडू नका, पाण्याचे तुषार येतात.

मग आम्ही प्रयोग केला. नातवाने तापमान दाखवणारी सुविधा पडद्यावर सुरू केली. गादीवर खेळ सुरू करताच आठ मिनिटांत आकडा ९८. यंत्र निवू दिले आणि ते चौरंगावर ठेवून मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची झाकणे सरकवली. (तो आधी जुन्या वह्या लावत होता, वहिनींनी, म्हणजे त्याच्या आजीने, वह्या त्याच्या हातातून काढून घेतल्या.) आकडा ९१ वर थांबला. मग त्याने विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभरऐवजी ९९ टक्के केली. एका टक्क्याने काय होणार, असे मलाही वाटले. परंतु त्या एका टक्क्याने प्रोसेसरची ठरलेल्या वेगापलीकडे उडी मारण्याची सोयच बंद होते, आणि वीज सर्वाधिक खाते ती हीच उडी. शिवाय खेळात पडदा सेकंदाला किती वेळा बदलावा यालाही त्याने साठची मर्यादा घातली. आकडा ८१. खेळ पूर्वीसारखाच दिसत होता. निदान मला तरी फरक कळला नाही. पुतण्या गल्ला सोडून मागे येऊन उभा राहिला होता.

हमीची मुदत एक वर्षाची होती, ती संपली आहे हे बिलावर पाहून घेतले आणि मगच मागचे झाकण उघडायचे ठरवले. हमी शिल्लक असेल तर त्यातील अटी वाचल्याशिवाय कुणी स्क्रूला हात लावू नये. यंत्र बंद करून, चार्जर काढून झाकण उघडले. "आत एखादा जीव असेल तर आधी तो अलगद काढ," वहिनी म्हणाल्या. खरोखर एक लहानसा कोळी निघाला. त्याला कागदावर घेऊन अंगणातल्या कुंडीत सोडले.

पंख्यामागच्या जाळीवर धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता. तूर, सोयाबीन, हरभरा यांचा भुसा दुकानाच्या हवेत सतत असतो. कापड दुकानात सुताचे तंतू असतील. पण थराचा रंग लालसर होता, आणि पंख्याच्या पात्यापाशी तांदळाचा एक दाणा अडकलेला होता. क्षणभर कुणाला उलगडा होईना. मग वहिनींच्या लक्षात आले. दिवाळीत वहीपूजनाला मुलगा घरी होता, हिशेब आता याच्यावरच असतात म्हणून लॅपटॉप वह्यांशेजारी मांडला होता, आणि त्याच्यावर यथासांग हळद-कुंकू वाहिले होते. "ती अक्षता माझीच असणार रे," त्या म्हणाल्या. पुतण्या काही बोलला नाही. नातू मात्र बऱ्याच दिवसांनी हसला.

मऊ कुंचल्याने धूळ काढली. हवेच्या फुंकणीने धूळ उडवायची असेल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते गरागरा फिरून बिघडते. आणि इथेच ती गोष्ट दिसली, जिच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. बॅटरीच्या तीन कप्प्यांपैकी मधला फुगला होता, फार नाही, पुरणपोळी तव्यावर जरा फुगावी इतपत. सतत चार्जरला लावलेले यंत्र आणि सततची उष्णता, या दोन्हींनी लिथियम बॅटरी आतून खराब होते, तिच्यात वायू साठतो आणि ती फुगते. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. यंत्र सपाट फरशीवर डुगडुगू लागले, टचपॅड वर उचलल्यासारखा झाला किंवा झाकणाच्या कडा उघडू लागल्या, तर ते त्याच क्षणी बंद करावे. चार्ज करू नये, दाबून बसवू नये, टोचू तर मुळीच नये. आमचा मुलगा हे यंत्र रात्री पलंगावर, उशाशी चार्जरला लावून झोपत असे. त्या दुपारी माझ्या पुतण्याला ९४ हजारांचा विसर पडला.

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघेही सोलापूरला गेले. अधिकृत केंद्रात नवी बॅटरी बसवली, जुनी तिथेच जमा केली. ती घरच्या कचऱ्यात टाकायची वस्तू नव्हे. चिप आणि तांब्याच्या नळीमधील लेप सुकून भेगाळला होता, तोही पुसून नवा लावून घेतला. दोन-तीन वर्षांनी तो बदलावा लागतो आणि त्याला मुगाच्या दाण्याएवढा नवा लेप पुरतो. परत आल्यावर बॅटरी ८० टक्क्यांवर भरणे थांबेल, अशी सोय नातवाने यंत्रातच चालू केली. जवळजवळ सर्व कंपन्या ती देतात, पण चालू करून देत नाहीत.

जूनमध्ये तो पुण्याला गेला आणि प्रकल्प वेळेत दिला. पुतण्याने सुताराकडून सागवानी पट्ट्यांची, खालून हवा खेळेल अशी एक घडवंची करून घेतली आहे. दुकानातला दुसरा लॅपटॉप आता गादीवर तिच्यावरच असतो. मुलाचा फोन आला की जेवलास का, हे विचारून झाल्यावर तो विचारतो, "आज आकडा किती?"

दिवाळीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र घरात काही दिवस राहिला. वहिनींनी तो सोडवला. यंदा हळद-कुंकू आणि अक्षता लॅपटॉपच्या पिशवीवर वाहायच्या आणि लॅपटॉप आत बंद करून ठेवायचा.