पगार बारा, रिचार्ज तेरा!

गेल्या महिन्यात आई माझ्यावर रुसली, असं मला वाटलं. रोज रात्री साडेनऊला साताऱ्याहून येणारा तिचा फोन सलग तीन दिवस आला नाही. मी डेडलाइनमध्ये गुरफटलेली, त्यामुळे मीही केला नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंच्या नंबरवरून आईचा आवाज आला, "अगं, माझा रिचार्ज संपलाय. तुझं पेमेंट अडकलं असेल, म्हणून बोलले नाही."

आईचा रिचार्ज मी करते आणि विसरलेही मीच! एकदम गिल्टी वाटलं. मग रविवारी चहाचा मग घेऊन सगळे प्रीपेड प्लॅन कागदावर उतरवले.

पहिला शोध म्हणजे २८ दिवसांचा घोळ. आपण त्याला बिनधास्त 'मंथली' म्हणतो. पण ३६५ ला २८ ने भागा, उत्तर येतं १३. म्हणजे पगार बारा आणि रिचार्ज तेरा! शिवाय पाच तारखेचा रिचार्ज मागे सरकत सरकत बरोब्बर खिसा रिकामा असतो त्या आठवड्यात येतो. म्हणूनच 'ट्राय'ने जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं, की ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला रिन्यू होणारा प्लॅनही ठेवा. ॲपमध्ये तो जरा शोधावा लागतो, एवढंच.

दुसरा फंडा म्हणजे रोजचा खर्च काढा. किमतीला दिवसांनी भागा, बस्स. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा रोज २ जीबीवाला प्लॅन २८ दिवसांसाठी ३४९ रुपयांना होता आणि ८४ दिवसांसाठी ८५९ ला. ८५९ बघून पोटात गोळा येतो. पण पहिला पडतो दिवसाला साधारण साडेबारा रुपयांना आणि दुसरा सव्वादहाला. एकरकमी पैसे काढायचे, एवढाच काय तो त्रास.

मोठा आकडा महाग आणि छोटा स्वस्त, असंही नसतं. डिसेंबर २०२४ मध्ये 'ट्राय'ने फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन सक्तीचे केले. पुढच्याच महिन्यात जिओचा १,७४८ चा आला आणि एअरटेलचा १,८४९ चा. पहिला स्वस्त वाटतो ना? पण तो होता ३३६ दिवसांचा आणि दुसरा पूर्ण ३६५ चा. भागाकार केला तर पहिला दिवसाला ५.२० आणि दुसरा ५.०७! हे आकडे तेव्हाचे. रिचार्ज करताना आजचे बघा, गणित तेच राहतं.

आईसाठी असाच वर्षाचा कॉलवाला प्लॅन घ्यायचा, असं मी ठरवूनही टाकलं. वर्षभर विसरायची भानगड नाही. मोठ्या ऐटीत तिला सांगितलं. ती म्हणाली, "आणि भाजीवाल्याला पैसे कसे देऊ? स्कॅन करते मी हल्ली." घ्या! आईला नेट कशाला लागतंय, हे मी परस्परच ठरवलं होतं. तुलना सगळ्या प्लॅनची केली, पण जिच्यासाठी केली तिला काही विचारलंच नाही.

शेवटी ८४ दिवसांचा, नेटवाला प्लॅन घेतला आणि संपायच्या तीन दिवस आधीचा रिमाइंडर लावला. कंपनी बदलायचा विचारही आला होता. २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, १९०० वर एसएमएस केला की काम सुरू. पण आधी घरात रेंज कुणाची येते ते बघा. स्वयंपाकघरात फोन लागत नसेल, तर स्वस्त प्लॅन काय कामाचा? आमच्याकडे आहे तीच कंपनी बरी निघाली.

रिचार्ज झाल्याचं सांगायला फोन केला, तर आई म्हणाली, "बरं झालं. पण तुझ्या फोनला काय झालं होतं गं? तीन दिवस तुझा तर चालू होता ना?"

हल्ली साडेनऊला मीच फोन करते.