कठडा आणि कपडे

सिव्हिलवाल्यांना एक प्रश्न. गच्चीला कठडा असलाच पाहिजे, हा नियम किती जुना असेल? नॅशनल बिल्डिंग कोड उघडू नका, उत्तर त्यात नाही. बायबलच्या जुन्या करारात ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक आहे. त्याच्या २२ व्या अध्यायातलं आठवं वचन सांगतं की नवीन घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर, नाहीतर वरून कोणी पडलं तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. सेफ्टी आणि मालकाची जबाबदारी, दोन्ही एकाच वाक्यात!

आता त्याच पानावर जरा वर जा. पाचवं वचन : बाईने पुरुषाचा पोशाख घालू नये आणि पुरुषाने बाईचा. मग खाली या. अकरावं : लोकर आणि लिनन एकत्र करून विणलेलं कापड अंगावर घालू नये. बारावं : पांघरुणाच्या चारी कोपऱ्यांना गोंडे लावावेत.

या चारांपैकी माझ्या वाट्याला आजवर फक्त पाचवं आलं. अकरावीत पहिल्यांदा जीन्स घातली तेव्हापासून ते मी ऐकते आहे. गोंड्यांबद्दल मला कोणी एका शब्दाने विचारलेलं नाही.

मित्रमैत्रिणींनो, हे लिहिण्याचं कारण सांगते. आमच्या होस्टेलवर ख्रिस्ती मुली मोजून तीन-चार. पहिल्या वर्षी रूममेट म्हणाली, “तुमच्यात तर सगळं चालतं ना गं?” तिचा दोष नाही. हिंदी पिक्चरने ख्रिश्चन मुलगी म्हणजे आखूड फ्रॉक, गोवा आणि पार्टी हे समीकरण पक्कं करून ठेवलंय. मी नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर). आमच्याकडे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन आलं, म्हणजे ख्रिस्ती होऊन पाच-सहा पिढ्या झालेली घरं आमच्या भागात आहेत. जुन्या मिशनच्या चर्चमध्ये बायका नऊवारी-सहावारी नेसतात, बांगड्या भरतात, लग्नात अंगठीबरोबर काळ्या मण्यांचं मंगळसूत्रही बांधतात, फक्त वाट्यांच्या जागी क्रूस असतो.

पण मी लहान असताना आमचं घर एका पेंटेकॉस्टल मंडळीत गेलं. तिथे ‘पवित्रतेचे’ नियम आहेत. सोनं नको, बांगड्या नकोत, टिकली नको, सिनेमा नको. बाईने केस कापायचे नाहीत, पॅन्ट घालायची नाही. प्रत्येकाला वचनाचा आधार. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय, पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा, करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा आणि अर्थात आपलं अनुवाद २२:५.

तुम्ही म्हणाल, आता ही या नियमांची टर उडवणार. नाही. त्या नियमांनी आमचं घर सावरलं आहे. त्याआधी वडिलांचं पिणं आणि नात्यातल्या प्रत्येक लग्नाला आईचे दागिने गहाण, हे चक्र चालू होतं. मंडळीत गेल्यावर पिणं सुटलं आणि दागिनेच नकोत म्हटल्यावर गहाण ठेवायचं काय? रविवारी आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी बाई आणि हायस्कूलच्या मास्तरांची बायको एकाच सतरंजीवर बसतात. दोघींचेही गळे मोकळे. कोणाची किती तोळ्यांची पोत आहे हे बघायला तिथे काही नसतं. ऊसतोडीच्या बाईला त्या दोन तासांत किती सुटल्यासारखं वाटत असेल, हे बाहेरून हसणाऱ्यांना कळत नाही.

आणि मूळ वचनाचा रोखही हाच आहे, असं माझं मत. तीमथ्याच्या पत्रातली यादी वाचा : गुंफलेले केस, सोनं, मोती, महागडी वस्त्रं. यात अंग किती झाकलं, गळा किती खोल, बाही किती लांब, याचा उल्लेखच नाही. सगळ्या वस्तू पैशाच्या. केस गुंफणंसुद्धा. रोमन काळातल्या श्रीमंत बायकांच्या त्या उंच उंच केशरचना घालायला दासी लागायच्या. मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली यांनी १७६० मध्ये आपल्या लोकांना पोशाखाबद्दल लेखी सल्ला दिला, तोही साधेपणाचा, सोनं-मोती नको असा. पुढे एका प्रवचनात त्यांनी कारण सांगितलं ते असं : भारी कपड्यावर घातलेला पैसा गरिबाच्या तोंडातून काढलेला असतो. शालीनता या शब्दात वेस्लींना मुख्यतः पैशाचा माज दिसत होता. आपल्याला मात्र तो शब्द ऐकला की मुलीचा गुडघा दिसतो!

गडबड कुठे होते ते सांगते. बांगड्या काढल्या तेव्हा आईला वाटलं आपण साध्या झालो. गावाला वाटलं ती विधवा झाली. एस.टी. स्टँडवर एका म्हातारीने हळहळून विचारलं, “मालक कधी गेले गं बाई?” मालक समोरच रसवंतीवर उसाचा रस पीत उभे होते. आम्ही घरी येऊन खूप हसलो. पण शेजारच्या बायकांनी तिला डोहाळजेवणाला बोलावणं बंद केलं, ते हसण्यासारखं नव्हतं. करिंथ शहरात उघडं डोकं काय सांगत होतं ते पौलाला ठाऊक होतं, म्हणून त्याने तसं लिहिलं. आमच्या तालुक्यात मोकळे हात काय सांगतात, हेही कोणीतरी बघायला नको का? चिन्ह तेच ठेवून गाव बदललं तर निरोप बदलतो. कम्युनिकेशनवाल्यांना हे मी सांगायला नको.

आणि असा विचार आपण करतच नाही, असंही नाही. करतो, पण सोयीने. नव्या करारातल्या पाच पत्रांच्या शेवटी एक स्पष्ट आज्ञा आहे : एकमेकांना चुंबन देऊन सलाम करा. चार ठिकाणी ‘पवित्र चुंबन’ म्हटलंय, पेत्राने ‘प्रीतीचं’. पैकी एक तर त्याच करिंथकरांस पहिल्या पत्रात, १६ व्या अध्यायात. महाराष्ट्रातल्या कुठल्या मंडळीत हे पाळलेलं मी पाहिलेलं नाही. सगळे हात जोडून ‘जय ख्रिस्त’ म्हणतात. कोणाला अपराधी वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. आज्ञेतली माया ठेवली आणि रीत आपली घेतली. मग अकराव्या अध्यायापाशी येताच आपण एकदम अक्षराला का चिकटतो? त्याच अध्यायात पौल म्हणतो की पुरुषाने लांब केस ठेवणं लाजिरवाणं आहे. प्रार्थना झाल्यावर मान वर करून भिंतीवरच्या येशूच्या चित्राकडे बघा. केस खांद्यापर्यंत!

केसांवरून रमाबाई आठवल्या. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये मोठं आत्मिक जागरण झालं. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटच्या आधी एक वर्ष. भारतातले पेंटेकॉस्टल लोक हे अभिमानाने सांगतात आणि सांगावंच. पण रमाबाईंचे फोटो पाहिलेत? पांढरी साडी आणि आखूड कापलेले केस. ही बाई ग्रीक आणि हिब्रू शिकली, अख्खं बायबल तिने मराठीत आणलं, आणि तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. म्हणजे करिंथकरांचा अकरावा अध्यायही तिने शब्दन्‌शब्द तोलून लिहिला असणार, त्याच कापलेल्या केसांनिशी. आमच्या मंडळीत आज त्या आल्या असत्या तर त्यांना साक्ष द्यायला उभं केलं असतं का, हा प्रश्न मी एकदा जाहीर सभेत विचारला. उत्तर मिळालं नाही. चहा मात्र लगेच आला.

दुसरं उदाहरण दक्षिणेतलं, आणि ते बरोबर उलट्या टोकाचं. त्रावणकोर संस्थानात नाडार जातीच्या बायकांना वरच्या जातींसमोर छाती झाकायची मुभा नव्हती. ख्रिस्ती झालेल्या नाडार बायका मिशनऱ्यांच्या शिकवणीने कुप्पायम नावाचं जाकीट घालू लागल्या, तेव्हा दंगे झाले, कपडे फाडले गेले, शाळा आणि चॅपल जाळली गेली. अनेक दशकं हे चाललं. अखेर १८५९ मध्ये महाराजांनी सगळ्याच नाडार बायकांना जाकिटाची परवानगी दिली, तीही ‘वरच्या जातींसारखं वस्त्र घेऊ नये’ अशी अट घालून. इथे अंग झाकण्याची आज्ञा बायकांना वर उचलणारी ठरली. त्यांनी ते जाकीट मार खाऊन मिळवलं. त्यामुळे ‘शालीनतेचे नियम म्हणजे बायकांना दाबण्याचं साधन’ असं सरसकट वाक्य कोणी गॅदरिंगच्या वादविवादात फेकलं की मला ते पटत नाही. नियम कोणाच्या बाजूने उभा आहे, ते प्रत्येक वेळी बघावं लागतं.

आता माझ्याबद्दल. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टर सरांनी ओढणी बाजूला ठेवायला लावली होती. फिरत्या लेथच्या चकमध्ये ओढणी किंवा मोकळे केस अडकले तर काय होतं, ते त्यांनी इतकं तपशिलाने सांगितलं की दोन मुलींना जेवण गेलं नाही. गेल्या वर्षी साइट व्हिजिटला आम्ही पॅन्ट, सेफ्टी शूज आणि हेल्मेट घालून स्लॅबवर चढलो होतो. तिथला एक ग्रुप फोटो फिरत फिरत आमच्या गावच्या मोबाईलवर पोचला. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर कळलं की मी आता तरुण संघात गाणी चालवायची नाहीत. पॅन्ट सोडल्याचं सांगेन त्या दिवशी पुन्हा बघू. मी अकरावा अध्याय काढून दाखवला : तिथे पौल बायकांनी डोकं झाकून प्रार्थना करावी, संदेश द्यावा असं म्हणतो, म्हणजे त्या मंडळीत मोठ्याने बोलत होत्या हे धरूनच चाललाय. मला लगेच चौदावा अध्याय दाखवण्यात आला, बायकांनी गप्प बसावं म्हणून. अशी वचनांची टेबल टेनिस अर्धा तास चालली. वडील मध्ये एकदाच बोलले, “तिचं शिक्षणच ते आहे.” आई काहीच बोलली नाही. पण रात्री तिने माझी साइटची पॅन्ट धुऊन, इस्त्री करून बॅगेत ठेवली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाचवं वचन आठव्यासारखं वाचा. कोकणात कौलारू, उतरतं छप्पर असतं. त्यावर कोणी बसायला जात नाही, म्हणून कठडा नाही. तिथल्या ख्रिस्ती माणसाने आज्ञा मोडली, असं कोणी म्हणत नाही. पण तोच माणूस मुंबईत सातव्या मजल्यावर बाल्कनीला रेलिंग न लावता राहू लागला तर त्याने ती मोडलीच, जरी वचनात बाल्कनी हा शब्द नसला तरी. भिंत पाडण्याआधी ती वरचा भार घेते आहे की नुसतं पार्टिशन आहे, हे आपण दुसऱ्या वर्षात शिकतो. सोन्याचा नियम आमच्या मंडळीत भार घेतो. तो काढला तर सतरंजीवरची ती बाई पुन्हा मागे जाऊन बसेल. स्लॅबवर चढणाऱ्या मुलीच्या पॅन्टवरचा नियम कसला भार घेतोय, हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

हे फक्त चर्चचं आहे असं समजून बाकीच्यांनी सुटकेचा श्वास टाकू नये. आपल्या मेसच्या दारावरची नोटीस वाचा. मुलींनी पूर्ण पोशाखात यावे. मुलं बनियन आणि बर्मुड्यात पोळ्या घेऊन जातात, त्यांच्यासाठी नोटीस नाही. रेक्टर मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, “तुमच्याच भल्यासाठी आहे.” असेलही. पण याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घालून सभेत येणारा माणूस आहे, पुरुष आहे, आणि त्याला चांगली जागा देणाऱ्यांना तिथे झापलं आहे. आपल्या कॉलेजात ती अंगठी म्हणजे दहा-बारा हजारांचे बूट आणि चावलेल्या सफरचंदाचा फोन. ट्रॅडिशनल डेला भाड्याची शेरवानीसुद्धा परवडत नाही म्हणून रूमवर झोपून राहणारी मुलं आपल्याच विंगमध्ये आहेत. शालीनतेवर नोटीस काढायचीच असेल तर तिथून सुरुवात करता येईल.

असो. मे महिन्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न आहे. मुलगा जुन्या मिशनच्या चर्चचा. तिला काळ्या मण्यांची एक साधी सर हवी आहे, सोनं नको, फक्त मणी, कारण लग्नानंतर ती नोकरीसाठी रोज बसने नगरला जाणार आणि तिला वाटेत कोणी ‘मालक कधी गेले’ विचारायला नको आहे. एप्रिलमध्ये मंडळीच्या वडीलधाऱ्यांची यावर बैठक आहे. काकांचा फोन आला होता, म्हणाले तू शिकलेली, चार वचनं काढून दे. मी सहा काढून पाठवली आहेत. सातवं कठड्याचं, ते मी स्वतः जाऊन सांगणार आहे, सबमिशन वेळेत आटपलं तर.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी