झोपलेल्या लूपला उठवणार कोण?

मुलांनो, दळण घेऊन गिरणीत कधी गेला आहात ना? गिरणीवाले काका एकच, पण डबे रांगेत दहा! काका एकेक डबा उचलतात, दळतात, पुढचा घेतात. रांग संपली, की खुर्चीत बसून छानशी डुलकी काढतात.

संगणकावरचे पुष्कळ प्रोग्रॅम असेच चालतात, बरं का! बटण दाबलं, निरोप आला, ठरलेली वेळ झाली, की त्याचं काम रांगेत लागतं. ही रांग उरकणाऱ्या चक्राला म्हणतात 'इव्हेंट लूप'. काम नसेल तेव्हा लूपही झोपतो. उगाच फिरत राहून वीज कशाला जाळायची?

पण त्याच प्रोग्रॅममध्ये शेजारी आणखी एक काम चालू असू शकतं. त्याला 'थ्रेड' म्हणतात. समजा, टाकीतलं पाणी मोजणाऱ्या थ्रेडनं 'टाकी भरली, पंप बंद कर' हा निरोप रांगेत गुपचूप ठेवला. लूप तर झोपलेला! दुसऱ्या कशानं त्याला जाग येईपर्यंत निरोप तसाच पडून, आणि पाणी चाललं वाहून!

मग घंटा वाजवायची का? तीही फसू शकते. रांग रिकामी पाहून काका खुर्चीकडे वळले, गिरणीची घरघर अजून थांबलेली नाही, आणि नेमका तेव्हाच तुम्ही डबा ठेवून घंटा वाजवलीत. आवाज विरला, काका झोपले!

त्यापेक्षा डबा रांगेत ठेवून एक चिठ्ठी थेट खुर्चीवर टाका. काका झोपलेले असले, तर ती अंगावर पडून जाग येईल. झोपायला निघालेले असले, तर बसताना दिसेल. आवाज विरतो, चिठ्ठी मात्र राहते.

'पायथन' या संगणक-भाषेत २०१४ साली 'असिंक-आयओ' हा भाग आला. त्यातली 'कॉल सून थ्रेडसेफ' ही आज्ञा नेमकं हेच करते. ती काम रांगेत लावते आणि लूप ज्या जोडणीवर कान ठेवून झोपतो, तिच्यावर एक बाइट पाठवते. त्या बाइटची किंमत किती, ठाऊक आहे? शून्य! पण लूपला उठवायला तेवढा पुरतो.

आता एक कोडं. आधी डबा, मग चिठ्ठी, असाच क्रम का? आधी चिठ्ठी टाकली, तर काय घोटाळा होईल? घरात सगळ्यांना विचारून पाहा!