डोंगरावरचे जंगल राखणाऱ्याला मोबदला मिळावा : निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी
(मा. तहसीलदार, संगमेश्वर यांच्यामार्फत)

विषय : शास्त्री व सोनवी नद्यांच्या पाणलोटातील खासगी जंगले राखण्यासाठी कंपन्यांचा हरित निधी मिळवून देण्याबाबत.

महोदय,

शास्त्री आणि सोनवीचा संगम आमच्या दारात आहे. मोठ्या पावसात पुराचे पाणी बाजारपेठेत येते आणि एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्यांत विहिरी तळ गाठतात. शेजारी चिपळुणात 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ उपसायला शासनासोबत नाम फाउंडेशन उतरले. ते काम मोलाचेच. पण गाळ डोंगरावरून येतो, आणि डोंगराच्या राखणीला कोणी पैसे देत नाही.

आपल्या जिल्ह्यात वनखात्याची जमीन अत्यल्प. प्रचितगडाच्या पायथ्यापासून खाली बहुतेक जंगल सातबाऱ्यावरचे आहे. एकेका सातबाऱ्यावर भावकीची ढीगभर नावे, त्यातली अर्धी मुंबईला. घरात लग्न निघाले, आजारपण आले की व्यापाऱ्याला बोलावून उभी झाडे उक्ती दिली जातात. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. तोडले तर रोख हातात येते, राखले तर काहीच येत नाही.

यावरचा उपाय आमच्याच तालुक्यात करून पाहिलेला आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने देवरूख परिसरात जंगलमालकांशी संवर्धनाचे करार केले : मालकी मालकाचीच, तोड थांबवायची आणि त्या बदल्यात मोबदला. हिमाचलात पालमपूर नगरपरिषदेनेही 2010 मध्ये पाण्याच्या उगमावरचे रान राखणाऱ्या बोहल गावाला दरवर्षी पैसे देण्याचा करार केला. एवढ्याशा शहराला जमले, ते कंपन्या असलेल्या जिल्ह्याला का जमू नये?

शास्त्री जयगडला समुद्राला मिळते. तिथे बंदर आहे, 1200 मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपन्यांनी मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायची असते, आणि त्यात स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यायचे असते. नदीच्या मुखाशी असलेल्या उद्योगाचे स्थानिक क्षेत्र मुखाजवळच्या चार गावांत संपते, असे आम्हाला वाटत नाही. उगमाकडचे शृंगारपूरही त्याच नदीवर आहे.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, जिल्ह्यातील उद्योगांची बैठक आपण बोलवावी आणि शास्त्री-सोनवी खोऱ्यासाठी स्वतंत्र निधी उभा करावा. त्यातून जंगलमालकाला दरवर्षी, निदान 10 वर्षे, राखणीचा मोबदला मिळावा. एकदाच रक्कम देऊन फोटो काढल्याने डोंगर राखला जात नाही. सहहिस्सेदारांची संमती मिळवणे हे यातले सर्वांत किचकट काम. त्यासाठी तलाठ्यांमार्फत गावोगावी शिबिरे घ्यावीत आणि मुंबईकरांसाठी ती गणपतीत ठेवावीत.

केंद्राने ऑक्टोबर 2023 मध्ये ग्रीन क्रेडिटचे नियम काढले. त्याखालची फेब्रुवारी 2024 ची वृक्षलागवडीची पद्धत मात्र वनखात्याच्या ताब्यातील निकृष्ट जमिनीपुरती होती, म्हणजे आमचा तालुका जवळजवळ बाहेरच राहिला. शिवाय तिच्यात श्रेय (क्रेडिट) लावलेल्या झाडांना होते. कोकणात तोड थांबवली तर बुंध्यांना आपसूक फूट येते, खड्डे खणावे लागत नाहीत. खासगी जंगल राखण्यालाही श्रेय मिळावे, अशी शिफारस आपण राज्य शासनामार्फत केंद्राकडे करावी.

कंपन्यांच्या पैशाबद्दल गावात शंका आहेत आणि त्या रास्त आहेत. करार मराठीत असावा व ग्रामसभेत वाचला जावा. जळण, गवत, हिरडा-बेहडा आणि देवराईवरचे हक्क अबाधित राहावेत. जुने रान काढून एकाच जातीची लागवड करण्यास या निधीतून एक रुपयाही जाऊ नये. राखलेल्या रानाच्या जोरावर कोणी दुसरीकडचे प्रदूषण माफ करून घेणार असेल, तर ते आम्हाला आधी कळले पाहिजे.

तोडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. त्याआधी ही बैठक व्हावी आणि तिला खोऱ्यातील ग्रामपंचायतींना बोलवावे, ही विनंती.

आपले नम्र,
शास्त्री-सोनवी खोऱ्यातील ग्रामस्थ व जंगलमालक, ता. संगमेश्वर

प्रत माहितीसाठी : विभागीय वन अधिकारी; गटविकास अधिकारी, देवरूख