नळावरच्या आईवर नाव कुणाचे?



गेल्या हिवाळ्यात कल्याण पूर्वेच्या एका सभागृहात जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले होते. टांगे, स्टेशन, गणपतीची मिरवणूक, चाळी, बाजार. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर आणि मधली आमची विठ्ठलवाडी. प्रवेश मोफत होता, म्हणून शनिवारची बैठक संपल्यावर वस्तीतल्या सात-आठ जणींना घेऊन मी गेले. बायका हौसेने बघत होत्या. आमच्या गटातली एक मावशी (घरकाम करते, साठीला आली आहे) एका फोटोसमोर थांबली ती हलेचना. सार्वजनिक नळ, हंड्या-कळशांची रांग, रांगेत पाच बायका.

"ताई, ही माझी आई. कडेवर आहे ती मी."

मावशीकडे आईचा एकही फोटो नाही. एक होता. २६ जुलै २००५ ला वालधुनी घरात शिरली तेव्हा पत्र्याच्या पेटीसकट गेला. फोटोखाली ओळ होती : साधे जीवन, समाधानी माणसे. आणि फोटोच्या मधोमध, आईच्या पदरावरून आडवे, मोठ्या अक्षरात एका गृहस्थांचे नाव. हे गृहस्थ फोटो काढणारे नव्हेत, जमवणारे. कुणी 'चोरू' नये म्हणून सगळ्याच फोटोंवर त्यांनी आपले नाव छापले होते.

मावशीने नाव नसलेली प्रत मागितली. पैसे देते म्हणाली. उत्तर मिळाले, "तशी देता येत नाही. आमची मेहनत आहे त्यात." आठवडाभरात तोच फोटो माझ्या फोनवर तीन ठिकाणांहून आला, खाली गुलाबाचे फूल आणि "ते दिवस परत येतील का?" मावशीला दाखवला. ती म्हणाली, "पाणी पहाटे तीनला यायचं. आई दोनपासून नंबर लावून बसायची. समाधान कसलं, तिला झोप येत होती."

एक गोष्ट आधीच मान्य करते. या मंडळींनी रद्दीतून, बंद पडलेल्या स्टुडिओंतून, कुणाच्या माळ्यावरून हे फोटो वाचवले आहेत. नगरपालिकांना ते सुचले नाही, आपल्या संघटनांनाही नाही. पण वाचवले म्हणजे मालकी झाली का? १९५७ चा कॉपीराइट कायदा अगदी सरळ आहे. फोटोचा हक्क काढणाऱ्याचा, आणि कुणी पैसे देऊन काढवून घेतला असेल तर साधारणपणे त्या काढवून घेणाऱ्याचा. फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो हक्कही संपतो. नुसता जमवणाऱ्याला त्यात जागा नाही. आणि फोटोतल्या बाईला तर कुठेच नाही! तिने हंडा उचलला, कुणी बटण दाबले, कुणी ते जपले, कुणी त्यावर नाव टाकले. हंडा उचलण्याला तेवढे 'मेहनत' म्हणायचे नाही.

"तेव्हा रस्ते किती मोकळे होते!" या उद्गाराचेही मला बोलायचे आहे. प्रदर्शनात हे वाक्य मी दहा वेळा तरी ऐकले. तो मोकळा रस्ता नीट बघा. पारावर पुरुष, हॉटेलच्या बाकावर पुरुष, सायकलीवर पुरुष, टांग्याजवळ पुरुष. बाई दिसली तर देवळाच्या वाटेवर, लग्नात, नाहीतर नळावर. मग बाकीचा दिवस ती कुठे होती? रेशनच्या आणि रॉकेलच्या रांगेत, पिठाच्या गिरणीत, मागच्या दारी भांड्यांपाशी, घरात पापड लाटत. कॅमेरा तिथे गेलाच नाही, कारण तिथे काही 'घडत' नव्हते. रस्ता मोकळा होता, त्यातला काही भाग आपण त्यावर नव्हतो म्हणून मोकळा होता. त्या मोकळेपणासाठी उसासे टाकायला मी तरी तयार नाही. १९९२ साली मध्य रेल्वेवर कल्याणहून महिला विशेष गाडी सुरू झाली ती फलाटावरच्या 'गर्दी'मुळेच ना? ती गर्दी म्हणजे आपण.

जुने फोटो कुणाकडे उरतात, हाही प्रश्न आहे. ज्यांचे घर बुडत नाही, पाडले जात नाही, सोडावे लागत नाही त्यांच्याकडे. आमच्या शेजारचे उल्हासनगरच घ्या. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखाच्या आसपास माणसे तिथल्या बराकींत राहिली, १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. पळताना अल्बम कोण उचलतो? आणि बाईला तर फाळणी लागतच नाही. लग्न होते, माहेरचा अल्बम माहेरी राहतो, सासरचा अल्बम तिच्या लग्नापासून सुरू होतो. मारहाणीला कंटाळून आमच्या केंद्रात येणारी बाई पिशवीत पोरांचे कपडे आणि जमलेच तर रेशनकार्ड आणते. फोटो मागे राहतात, किंवा नवरा फाडतो. केस उभी राहताना लग्नाचा पुरावा म्हणून आम्हीच तिला विचारतो, "लग्नाचा फोटो आहे का?" दर वेळी विचारताना ओशाळायला होते.

प्रदर्शनानंतरच्या बैठकीला मी सांगितले होते, प्रत्येकीने स्वतःचा सगळ्यात जुना फोटो आणा. निम्म्याहून जास्त जणींचा सगळ्यात जुना फोटो सरकारी कागदावर निघाला. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र. मुंबईहून इकडे आलेल्या एकीकडे सासऱ्यांचा फोटोपास होता, १९७६ च्या झोपडपट्टी गणतीनंतर मिळालेला. तिने तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला आहे. आठवण म्हणून नव्हे, घर पाडायला आले तर दाखवायला. गरीब बाईचा फोटो सरकार काढते आणि श्रीमंत माणूस जमवतो, असे एक तरुण मुलगी म्हणाली. मी तिचे वाक्य वहीत लिहून घेतले.

बाई कॅमेऱ्यामागे गेली म्हणून तिचे नाव फोटोखाली येते, असेही नाही. होमाई व्यारावाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, मुंबईच्या रस्त्यांवर हिंडल्या. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या, माणेकशा यांच्या नावाने. देशाने त्यांना पद्मविभूषण दिले २०११ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

आता थोडे आपल्याकडे. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनातले थाळ्या-लाटण्यांच्या मोर्चाचे फोटो आपण कितीदा तरी छापले आहेत. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आपण चटकन ओळखतो. त्यांच्या मागच्या रांगेतली, तोंड उघडून घोषणा देणारी ती बाई कोण? आपल्याच अंकांत तिच्याखाली 'मोर्चातील महिला' असे छापले आहे. 'समाधानी माणसे' आणि 'मोर्चातील महिला' यांत फरक तो कितीसा? मुंबईत १९८८ साली 'स्पॅरो' सुरू झाली, स्त्रियांच्या चित्रांचे आणि आवाजांचे दस्तऐवज जपण्यासाठीच. पण एका संस्थेवर टाकून आपल्या कपाटातले बिननावाचे गठ्ठे कमी होत नाहीत.

आणि परवानगीचे काय? घर सोडून नाव-गाव लपवून राहणाऱ्या बाईचा वीस वर्षांपूर्वीच्या शिबिरातला फोटो एखादी कार्यकर्ती प्रेमाने 'जुन्या आठवणी' म्हणून सगळीकडे पाठवते, तेव्हा त्या बाईचा पत्ताही पाठवते. आमच्याकडून हे एकदा झाले आहे. नवरा दारात येऊन उभा राहिला, पुढचे तीन महिने आम्ही धावपळ केली. चूक आमची होती.

म्हणून विठ्ठलवाडीच्या गटाने आता ठरवले आहे. फोटो घ्यायचा तर घरी जाऊन, बाईसमोरच त्याची प्रत काढायची, मूळ फोटो तिच्या हातात परत. मागे पेन्सिलने नावे, साल, जागा. बाई सांगेल तसे, 'सौ.' तिने म्हटले तरच. बाहेर दाखवायचा की नाही ते तीच सांगेल, आणि नंतर नको म्हणाली तर काढून टाकायचा. फोटोवर कुणाचेही नाव आडवे छापायचे नाही, संघटनेचेही नाही. या शेवटच्या मुद्द्यावर आमच्यात भांडण झाले, कारण देणगीदारांना काहीतरी दाखवावे लागते. मत घेतले, ठराव मंजूर झाला.

प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाला आम्ही दोन पत्रे दिली आहेत, मावशीच्या अंगठ्यासह. फोनवर आलेल्या फोटोचीच आम्ही मोठी झेरॉक्स काढली, ते आडवे नाव आहे तसेच. मावशीने त्यातल्या तीन बायका ओळखल्या : तिची आई, शेजारची काकू आणि कोपऱ्यावरच्या घरातली, जिने पुढे स्टेशनबाहेर भाजीचा ठेला टाकला. उजवीकडच्या दोघी राहिल्या आहेत. एकीच्या हातात पितळी कळशी आहे, दुसरीने पदर तोंडाशी धरला आहे. झेरॉक्स केंद्रातल्या भिंतीवर लावली आहे, शेजारी दोरीला पेन्सिल बांधून. त्या बाजूला राहिलेल्या जुन्या बायकांना घेऊन या.