मागच्या घोड्यावरचा माणूस

वेस्टर्न चित्रपट म्हटला की डोळ्यांसमोर उभा राहतो तो नायक. उंचापुरा, मितभाषी, कमरेला पिस्तूल. त्याच्या मागच्या घोड्यावर पुष्कळदा एक बोळक्या तोंडाचा, सदा कुरकुरणारा म्हातारा असतो. त्याच्याकडे आपण हसण्यापुरतेच पाहतो. पण या दोघांत अधिक धाडसी कोण, असे कुणी विचारले तर माझे मत त्या म्हाताऱ्याला! नायकाचा नेम अचूक असतो आणि ते त्याला ठाऊक असते. म्हाताऱ्याला आपला हात कापतो हे ठाऊक असते, तरी तो जातो.

फ्रेड झिनेमनचा 'हाय नून' (१९५२) घ्या. दुपारच्या गाडीने येणाऱ्या गुंडाशी सामना करण्यासाठी मार्शल केन गावभर माणसे गोळा करू पाहतो आणि एकटा पडतो. भ्याड गावातला एकाकी सज्जन म्हणून त्याची वाखाणणी होते, ती रास्तही आहे. पण नीट पाहा, दोघेजण आपण होऊन आलेले असतात. एक डोळा गमावलेला दारुडा आणि एक चौदा वर्षांचा पोरगा. केन दोघांनाही परत पाठवतो. त्यात त्याची माया आहे, कबूल. पण मग 'कुणीच आले नाही' असे म्हणणे कितपत खरे?

हॉवर्ड हॉक्सला हा चित्रपट रुचला नव्हता. त्याला उत्तर म्हणून त्याने 'रिओ ब्रावो' (१९५९) काढला. यातल्या शेरीफच्या, म्हणजे जॉन वेनच्या, हाताशी माणसे कोण? दारूपायी वाया गेलेला डेप्युटी, लंगडा म्हातारा स्टंपी आणि पुढे एक कोवळा पोर. केनने ज्यांना घरी धाडले, जवळजवळ तीच मंडळी! स्टंपी तुरुंगाच्या दाराआड बंदूक घेऊन बसतो आणि आपले कुणी कौतुक करत नाही म्हणून धुसफुसतो. शेरीफ त्याच्या टकलाचा मुका घेतो, तर हा त्याला झाडूने हाणतो. शेवटच्या चकमकीला 'पायाने अधू आहेस, मागेच राहा' असे बजावलेले असताना म्हातारा येतोच, आणि त्याने फेकलेल्या सुरुंगाच्या कांड्यांनीच लढाईचा निकाल लागतो.

स्टंपी झालेला वॉल्टर ब्रेनन सहायक अभिनेत्याच्या ऑस्करचा तीन वेळा मानकरी. हॉक्सच्याच 'रेड रिव्हर' (१९४८) मध्ये तो ग्रूट नावाचा आचारी आहे. पत्त्यांत स्वतःची कवळी हरलेला. ती जेवणापुरती परत मिळते! पण गुरांचा तांडा हाकताना मालक डन्सन जुलमी होत जातो, तेव्हा 'तुमचे चुकले' असे त्याला तोंडावर सांगणारा हाच. पुढे तांडा तरुण मॅटच्या ताब्यात जातो, तेव्हा इतक्या वर्षांचा हा सोबती डन्सनला सोडून मॅटबरोबर निघतो. स्वामिनिष्ठेच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या मनाला हे खटकते. मला तर यातच त्याची खरी निष्ठा दिसते.

मात्र कुरकुरण्याचा हा हक्कही सर्वांना नसतो. जॉन फोर्डच्या 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) मधला कृष्णवर्णीय पॉम्पी पाहा. वुडी स्ट्रोडने ही भूमिका केली आहे. अंधाऱ्या गल्लीत टॉम डॉनिफनकडे रायफल फेकतो तो पॉम्पी. त्याच गोळीने व्हॅलन्स मरतो. श्रेय वकील स्टॉडर्डला मिळते, त्याच्या जोरावर तो सिनेटर होतो. टॉमच्या त्यागावर समीक्षक हळहळतात, पण त्याच रात्री दारूच्या गुत्त्यात पॉम्पीला पेला नाकारला जातो, ते किती जणांच्या ध्यानात राहते? पुढे टॉमच्या शवपेटीशेजारी म्हातारा पॉम्पी मुकाट बसलेला असतो. त्या रात्रीचा तो साक्षीदार. वार्ताहर येतात आणि गोष्ट विचारतात ती सिनेटरसाहेबांना.