निसर्गाच्या नावावर

सरहद्दी निसर्गानेच आखून ठेवलेल्या असतात, माणसाने त्या फक्त कागदावर उतरवून घ्यावयाच्या असतात, असे सांगणारे मुत्सद्दी जगात कधीच कमी पडले नाहीत. ज्याचे पारडे जड त्याला भूगोलाचा पुळका फार! या पुळक्याची फळे पाहावयाची असतील, तर आमच्या वाचकांनी आल्प्स पर्वतातील इटली व ऑस्ट्रिया यांच्या सरहद्दीकडे दृष्टी टाकावी.

सुमारे 400 किलोमीटरच्या या सरहद्दीवर 1370 मीटर उंचीची ब्रेनर खिंड आहे. खिंडीच्या उत्तरेस पडलेला पाऊस इन नदीवाटे डॅन्यूबला आणि अखेर काळ्या समुद्राला मिळतो. दक्षिणेस पडलेला आदिजे नदीतून एड्रियाटिक गाठतो. पाण्याची ही फाळणी खरी आहे. परंतु पाण्याच्या वाटा फुटल्या म्हणून माणसांची जीभ फुटली नव्हती. टिरोल प्रांत खिंडीच्या दोन्ही अंगांना पसरलेला होता. 1910 च्या शिरगणतीत आजच्या दक्षिण टिरोलातील शेकडा 89 लोकांनी आपली व्यवहारभाषा जर्मन नोंदविली होती.

मग ब्रेनर इटलीची सीमा झाली कशी? 1915 च्या लंडनच्या गुप्त तहात, युद्धात उतरण्याचे मोल म्हणून, ती इटलीला कबूल करण्यात आली होती. 1918 च्या जानेवारीत अध्यक्ष विल्सन यांनी इटलीची सीमा राष्ट्रीयत्वाच्या स्पष्ट ओळखू येणाऱ्या रेषेवर ठरावी, असे जगजाहीर केले. आणि 1919 च्या सेंट जर्मेनच्या तहात त्यांच्याच संमतीने ब्रेनर इटलीला गेली! जलविभाजकाची ही सबब एत्तोरे तोलोमेई यांनी आधीपासूनच सजवून ठेवली होती. 1904 साली हे गृहस्थ एका शिखरावर चढले, आपणच येथे पहिले असे सांगू लागले, आणि त्या शिखराला त्यांनी ‘इटलीचे शिखर’ असे नाव दिले. वास्तविक त्यांच्या आधी 1895 सालीच तेथे चढाई झालेली होती. आणि इटलीचे सर्वांत उत्तरेकडील टोकही ते नव्हे, ते जवळच दुसरीकडे आहे.

आता या पाण्याच्या न्यायाची गंमत पाहा. टोब्लाख येथे एक बुटका उंचवटा आहे. त्याच्या पूर्वेस उगम पावणारी द्राउ नदी ऑस्ट्रियात शिरून डॅन्यूबकडे जाते. न्याय सरळ लावला असता तर इनिखेन व सेक्स्टेन हा मुलूख ऑस्ट्रियाकडे राहता. पण तेथे लष्करी सोय आडवी आली, निसर्गदेवतेला क्षणभर बाजूस बसविण्यात आले, आणि रेषा पूर्वेस सरकली.

दुसरा प्रकार तर याहून विलक्षण! 1991 च्या सप्टेंबरमध्ये ओत्झताल पर्वतात, 3210 मीटर उंचीवर, सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या माणसाचे गोठलेले प्रेत सापडले. जागेचे पाणी उत्तरेकडे, म्हणजे ऑस्ट्रियाकडे वाहते. परंतु पहिल्या महायुद्धानंतर मोजणीदारांनी रेषा आखली तेव्हा तेथे हिमनदीचा थर होता. खालचा खडक कोणास दिसणार? नव्याने मोजणी झाली, तेव्हा प्रेत रेषेपासून 92.56 मीटर इटलीच्या हद्दीत निघाले. येथे पाणी हरले आणि कागद जिंकला.

ज्यांच्या नावे हा न्याय झाला नाही, त्यांचे काय झाले, हे सीमेवरील वाचकांना सांगावयास नको. गावांची नावे 1923 साली बदलली, शाळांतून जर्मन हद्दपार झाली, आणि 1939 साली हिटलर-मुसोलिनी यांनी ‘भाषा सोडा किंवा घर सोडा’ असा पर्याय लोकांपुढे ठेवला. 1946 चा करार झाला, पण त्याच्या पाठोपाठ हा प्रदेश इटालियन बहुमताच्या प्रांताशी जोडला गेला. गाऱ्हाणे 1960 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघापुढे गेले. खरी स्वायत्तता मिळण्यास 1972 उजाडले, आणि तंटा मिटल्याचे ऑस्ट्रियाने 1992 मध्ये मान्य केले. सत्तर वर्षांहून अधिक काळ! 2011 च्या शिरगणतीतही तेथे जर्मनभाषक शेकडा 69 होते. तोलोमेईंची नावे मात्र आजही पाट्यांवर जर्मन नावांच्या शेजारी उभी आहेत.

त्या गोठलेल्या माणसाच्या जागेजवळच्याच खिंडीतून दर जूनमध्ये श्नाल्स खोऱ्यातील शेतकरी काही हजार मेंढ्या बर्फावरून हाकीत पलीकडे ऑस्ट्रियात फेंटच्या कुरणांवर नेतात. चराईचे हे हक्क त्यांच्याकडे शतकानुशतके चालत आलेले आहेत. सप्टेंबरात कळप परत येतात.